गाडीची चढलेली रेस

दिवाळीच्या तोंडावर शिरूर कासारकडची माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यातली एक टोळी कारखान्यावर नेऊन सोडायचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्या ट्रककडे आहे. त्या साली पावसाळ्यात ट्रक तेल खायला लागला, म्हणून उमापूरच्या मिस्त्रीकडून इंजिन खोलून घेतलं. मग कुणीतरी डोक्यात भरवलं की लॅपटॉप लावून गाडीतल्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं की गाडी चढाला दमत नाही. गेवराईच्या एका जाणकार तरुणाकडून तेही करून घेतलं.

ओढ वाढली, यात शंका नाही. पण रेस खाली येईना. पाय काढला तरी इंजिन घुमतच राहायचं. चकलांब्याला घरी येताना रस्त्यात शेळ्यांचा कळप आडवा आला. मी पाय उचलला, पण गाडी आपल्या जोरानं पुढं ढकलतच होती. ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा कुठं थांबली. कळप राखणारे एक आजोबा पटकन पुढं होऊन शेळ्या हाकलत होते.

"कावून रं बाबा, ब्रेक लागत न्हाईत का?" त्यांनी विचारलं. मी खाली उतरून एखादी शेळी चाकाखाली तर आली नाही ना, ते वाकून बघत होतो. ते पाहून त्यांनी शिवी दिली नाही, आपली पाण्याची बाटली पुढं केली. ते पाणी पिताना एकच विचार आला: या गाडीत मागं बायका-लेकरं बसवून मी घाट कसा उतरणार?

मिस्त्री म्हणाला, दोष कॉम्प्युटरवाल्याचा. कॉम्प्युटरवाला म्हणाला, मिस्त्रीचा. मी दोघांनाही घरी बोलावलं. आधी दोघं एकमेकांकडे बघेनात. तरुणानं लॅपटॉप जोडून ओढीचं पहिलं सेटिंग परत टाकलं, तरी रेस तशीच. मिस्त्रीनं पेडल तपासलं, टर्बोचे पाइप काढून पुन्हा बसवले, तरी तेच.

तेवढ्यात टोळीच्या मुकादमाचा फोन आला. "टोळी बिऱ्हाड बांधून बसली हाय."

"दुसरी गाडी बघा," मी म्हणालो. "ह्या गाडीत लेकरं बसवायला मन धजत न्हाई माझं."

पलीकडं काहीतरी बोलणं झालं. मग तो म्हणाला, "बायामाणसं म्हणत्यात, नेहमीचीच गाडी पाहिजे. थांबतो आमी उद्यापस्तोर. करा नीट." मी फोन ठेवून पुन्हा गाडीकडं वळलो.

बायको चहा घेऊन आली होती. कप ठेवताना मिस्त्रीला म्हणाली, "भाऊ, मला यातलं कळत न्हाई. पण ही गाडी आधी बी सकाळी चालू केली की अशीच वरडायची. च्याला उकळी येईपर्यंत गप व्हायची. आता गपच होत न्हाई बगा."

मिस्त्री कप हातात धरून तसाच थांबला. मग तरुणाकडं वळला. "इंजिन गार असलं तरच कॉम्प्युटर रेस वाढवतो ना?"

"हो. गरम झालं की उतरवतो."

"मग बघ बरं, त्याला किती गरम दिसतंय."

तरुणानं पडद्यावर बोट सरकवलं आणि हसायलाच लागला. "उणे चाळीस!"

बाहेर ऊन इतकं तापलेलं, की केबिनच्या पत्र्याला हात लावला तर पोळावा. आणि कॉम्प्युटरला वाटत होतं, गाडी बर्फात उभी आहे. बिचारा तिला ऊब द्यायला रेस चढवून बसला होता!

मिस्त्रीनं केबिन उचललं. पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरची वायर इंजिन जोडताना एका पट्टीखाली चेपून आतून तुटली होती. "हे माझंच," तो म्हणाला. तरुणानंही मान खाली घातली. "असं झालं की मीटरवर दिवा लागतो. सेटिंग करताना तो मीच बंद केलता." दोघांनी मिळून वायर जोडली, दिवा पुन्हा चालू केला. इंजिन तापलं आणि रेस हळूहळू खाली आली. अंगण एकदम शांत झालं. मग ते दोघं एकाच मोटारसायकलवर बसून माझ्या गाडीच्या मागं फाट्यापर्यंत आले, रेस पुन्हा चढते का ते बघायला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टोळी घेतली. भांडी, बाजली, कोयते, लेकरं, सगळं चढलं. घाटात पाय उचलला की गाडी आज्ञाधारकपणे मंदावत होती, आणि दर वळणावर मला कुणाची ना कुणाची आठवण येत होती: मिस्त्रीची, त्या तरुणाची, पाणी देणाऱ्या आजोबांची, बायकोची.

कारखान्यावर पोचलो तेव्हा उजाडलं होतं. सगळे उतरले, फक्त एक म्हातारी बोचक्याला टेकून गाढ झोपली होती. तिला हलवून उठवलं.

"पोचलो व्हय?" डोळे चोळत ती म्हणाली. "कळलंच न्हाई."

मी तिचा हात धरून तिला खाली उतरवलं.