मागे राहिलो त्या दुपारी

चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला उभे राहणारे लोक बहुतेक वेळा आपलं भलं कसं झालं ते सांगतात. मीही पूर्वी तसंच सांगायचो. ही साक्ष मात्र मला तशी देता येणार नाही. देवाची कृपा माझ्या घरी आली, हे खरं. पण ती आली तेव्हा मी काय करून बसलो होतो, तेही सांगितल्याशिवाय ते खरं होणार नाही. दोन वर्षं मी हे लिहायचं टाळत आलो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे पप्पा गेले. त्यांच्या मातीला आम्ही चारच जण होतो, आणि त्यांचा चेहरा कुणालाच बघायला मिळाला नाही. त्यानंतर कितीतरी महिने माझं कशातच मन लागेना. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत सहायक आहे. हातात काचेचं भांडं धरून मी तसाच उभा राहायचो. त्याच काळात आमच्या मंडळीत वचन सांगणाऱ्या एका ब्रदरांच्या घरी गुरुवारची प्रार्थना सुरू झाली. प्रभूच्या येण्याबद्दल मी लहानपणापासून ऐकत होतो, पण ते खूप लांबचं वाटायचं. ब्रदरांनी ते दाराशी आणून ठेवलं. लढाया, भूकंप, रोगराई, सगळ्या खुणा पुऱ्या होत आल्यात, ते सांगायचे. कर्णा वाजेल, मेलेले विश्वासू आधी उठतील आणि मग आपण जिवंत असलेले त्यांच्याबरोबर ढगांत उचलले जाऊ. पप्पा परत दिसणार, आणि तेही लवकरच, एवढं एकच मला त्यात ऐकू आलं. पहिल्या गुरुवारी मी घरी येईपर्यंत रडत होतो. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणेन.

पण त्या आशेचं माझ्या आत हळूहळू काहीतरी दुसरंच झालं. कोण वर जाणार आणि कोण मागे राहणार, हे मी माणसांकडे बघून ठरवायला लागलो. बसमध्ये, बाजारात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझ्या मनात सारखी वाटणी चाललेली असायची. माझी धाकटी बहीण करुणा तेव्हा जयगडला बंदरावरच्या एका ऑफिसात नोकरी करत होती. तिथल्याच जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर काम करणाऱ्या संतोषशी तिनं लग्न ठरवलं. हिंदू मच्छीमारांचं घर, माणसं साधी. तो घरी आला तेव्हा आईनं त्याला आग्रह करकरून जेवायला वाढलं. तो गेल्यावर मी करुणाला म्हणालो, "प्रभू येईल तेव्हा तू मागे राहशील. पप्पा सगळ्यांना भेटतील, तुला नाही भेटणार."

आत जाऊन तिनं बॅग भरली. त्यांच्या रजिस्टर लग्नाला आमच्याकडून कुणी गेलं नाही.

आईकडे स्वतःचा फोन नव्हता. करुणा माझ्या मोबाइलवर फोन करायची, मी उचलायचो नाही. बायकोच्या फोनवर आला तर तिनंही उचलायचा नाही, अशी मी तंबी दिली होती. करुणाला मुलगी झाल्याचा मेसेज आला. तो मी आईला दोन दिवसांनी सांगितला आणि वर म्हणालो, तिथे जायचं नाही. आई फक्त "नाव काय ठेवलंन?" एवढंच म्हणाली. मला माहीत नव्हतं. पुढे आईनं तिचा विषय काढणंच बंद केलं. आई देवाच्या मार्गाला लागली असं मी समजलो आणि गुरुवारी त्याबद्दल आभारही मानले. अशी तीन वर्षं गेली.

ऑक्टोबरातला शुक्रवार होता. कॉलेज अर्ध्या दिवसाचं होतं, म्हणून मी दुपारी दीडच्या सुमारास घरी आलो. दार सताड उघडं. आईच्या आणि रेखाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, चपला दाराशी नेहमीच्या जागी. आत पंखा फिरत होता. ताटात भात वाढलेला, त्यावर आमटी, दोन घास खाल्लेले. आईचा चष्मा जमिनीवर पडला होता. रेखाचा फोन फ्रिजवर होता. मी हाका मारल्या, मागच्या परसात गेलो, न्हाणीघर बघितलं. कुणीही नव्हतं. शेजारच्या दोन्ही घरांना कुलपं, माणसं कामाला गेलेली.

बाकीच्यांच्या मनात अशा वेळी काय आलं असतं, मला सांगता येणार नाही. माझ्या मनात एकच गोष्ट आली. मी ब्रदरांना फोन लावला, बंद. आमच्यातल्या आणखी दोघांना लावला, तेही बंद. ती सगळी मंडळी त्या दिवशी चिपळूणला उपासप्रार्थनेला गेली होती आणि तिथे फोन बंद ठेवायचे होते; हे मला आदल्या दिवशी सांगितलेलं होतं. पण त्या घटकेला ते डोक्यातून पार पुसलं गेलं. मी पायरीवर बसलो. सगळे गेले आणि मला ठेवलं, असं वाटलं. आणि मला का ठेवलं, हा प्रश्न मला पडलाच नाही, याची मला आजही सगळ्यात जास्त भीती वाटते. उत्तर मला तीन वर्षं ठाऊक होतं. आईचं ते "नाव काय ठेवलंन?" माझ्या कानात वाजत होतं.

जगात आता माझ्याबरोबर कोण उरलं असेल? मी करुणाला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"दादा? आईला काय झालं?"

तीन वर्षांनी माझा फोन येतो म्हणजे आईचंच काहीतरी, असंच तिनं गृहीत धरलं. मी म्हणालो, "करुणा, तू आहेस ना?"

"आहे ना. असं काय विचारतोस? आई कुठाय?"

"घरात कुणीच नाही. चपला इथेच आहेत. सगळे गेले गं."

मला काय वाटतंय ते तिला कळलं असणार, पण ती हसली नाही. "दादा, ऐक. अनवाणी गेलीत म्हणजे घाईत गेलीत. कुणालातरी काहीतरी झालंय. तू हॉस्पिटलात जा. मी निघतेच."

मी उठतोय तोच फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. मासे विकणारी असावी, कारण पदर कमरेला खोचलेला आणि डोक्यावर चुंबळ होती, पण पाटी नव्हती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आमच्या आळीत येणारी मासेवाली वेगळी. घामानं ती निथळत होती.

"तुमीच काय ह्या घरातले?" ती म्हणाली. "तुमची आई जेवता जेवता पडली. तुमची बायको वराडत भायेर आली, मी हितनंच जात व्हते. दोघींनी उचलून रिक्षात घातली, सरकारी हास्पिटलात पोचवली. फोन ऱ्हायला घरात, म्हणून मी सांगायला परत आले. बसू नका, चला. जीव हाय अजून त्यांच्यात."

"तुमची पाटी?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"ऱ्हायली तिकडं कडेला. कावळे खातील नायतर मांजरं. तुमी जावा आधी."

त्या कडक उन्हात एका अनोळखी घरासाठी ती हॉस्पिटलपर्यंत गेली होती आणि निरोप द्यायला उलटी आली होती. मी तिचं नावही विचारलं नाही. नंतर मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात जाऊन मी तीनदा चौकशी केली, पण ती सापडली नाही. ती कोण होती यावर मी तर्क करत नाही. कष्ट करून खाणारी बाई होती, आणि तिला देवानं पाठवलं होतं. या दोन्ही गोष्टी मला एकदमच खऱ्या वाटतात.

आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, पण शुद्ध होती. करुणा आणि संतोष साडेतीनच्या सुमारास मोटारसायकलवरून पोचले, मध्ये लहान मुलगी. करुणानं तिला खाटेवर आईच्या डाव्या हाताशी बसवलं आणि म्हणाली, "आई, ही आशा." आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, गालावरून फिरवला. मग करुणाकडे बघून तिचे ओठ हलायला लागले. कितीतरी वेळ ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. आम्ही सगळे वाकून ऐकत होतो. एकही शब्द कळला नाही.

आई अकरा दिवस जगली. करुणा एक दिवसही हलली नाही. ती भेट झाली, ही कृपा. पण आईला लेकीशी काय बोलायचं होतं ते आता कुणालाच कळणार नाही, आणि ती बोलू शकत होती त्या तीन वर्षांत तिच्या तोंडाशी फोन धरणं एवढंच माझं काम होतं. मी हे देवाजवळ अनेकदा कबूल केलं आहे. त्यानं क्षमा केली असेल असं मी मानतो. पण क्षमेनं ती वर्षं परत येत नाहीत.

प्रभू येणार, यावर माझा आजही विश्वास आहे. आईपप्पा तेव्हा भेटतील, हेही मी सोडलेलं नाही. कोणाला नेणार आणि कोणाला ठेवणार, हा हिशेब मात्र मी त्याच्या हातात परत दिला. तो माझा कधीच नव्हता. गुरुवारच्या प्रार्थनेला मी अजून जातो. ब्रदर खुणांविषयी बोलायला लागले की मी मान खाली घालून त्या बाईसाठी प्रार्थना करतो.

आईची माती झाल्यावर महिन्याभरानं मी पहिल्यांदा जयगडला करुणाच्या घरी गेलो. बोलायचं बरंच ठरवून गेलो होतो. उंबऱ्यातच मी "माझं चुकलं" एवढंच म्हणालो.

"दादा, तू आईला माझ्याशी बोलू दिलं नाहीस. हे मी विसरेन असं मला वाटत नाही," ती म्हणाली. मग आत वळली. "हात धू. संतोष थांबलाय तुझ्यासाठी जेवायचा."

मी हात धुतले आणि पानावर बसलो. प्रार्थना कर, असं तिनंच मला सांगितलं. मी डोळे मिटले. बाकी काही मागवेना, म्हणून त्या जेवणासाठी तेवढे आभार मानले.