सुआद नजफला गेली नाही

कोलकात्यातल्याच बेहालाहून माशीमांचा फोन आला तेव्हा मी सकाळचे पोहे भिजवत होते. माशीमा म्हणजे सुआदच्या घरमालकीणबाई. "दीदी, सुआद उठत नाहीये," एवढंच त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "तो आला होता का?" केव्हा गेली, डॉक्टर बोलावला का, यातलं काहीच मी विचारलं नाही. माशीमा म्हणाल्या, "कुणी आलं नाही गो. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं." मी ओट्याला टेकून खाली बसले आणि आधी हुश्श केलं. रडू त्यानंतर आलं. आपली मैत्रीण निदान मारून टाकली गेली नाही, याचं समाधान वाटावं अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

त्याच दुपारी त्याचा फोन आला, बसऱ्याहून. तो म्हणजे करीम, तिचा नवरा. "सिस्टर, तिला नजफला पाठवायचं आहे. आमच्या घराण्याची जागा आहे तिथे. बायकोची जागा नवऱ्याच्या शेजारी." आपल्याकडे जुनी माणसं काशीत मरण मागायची ना, तसं इराकमधल्या शियांना नजफच्या मातीत पडायचं असतं. पण सुआदने मला एकदा स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "ताई, मला नजफला नेऊ देऊ नकोस. आज ना उद्या तो येऊन माझ्या बाजूला झोपेल." मी फोन बंद केला. मोबाइल आपटता येत नाही म्हणतात; मी आपटला.

बालीगंजच्या जुन्या इमारतीत आम्ही समोरासमोर राहायचो. आमचे हे बँकेत, बदलीवर आले आणि इथलेच झाले. करीम बसऱ्याच्या एका व्यापाऱ्यासाठी चहा खरेदी करायचा. इराकी माणूस उठल्यापासून चहा पितो, आणि त्यांच्या पेल्यातला बराचसा चहा कोलकात्याच्या लिलावातून जातो. नमुन्याचा घोट सुर्रकन ओढून, तोंडात फिरवून थुंकायचा आणि चहा कुठल्या मळ्याचा ते सांगायचा. नाकच तसं होतं त्याचं. सुआद उंच, हाडापेराने दणकट, आणि हसली की जिन्याखालचा दरवान वर बघायचा. बंगाली मिसळलेलं हिंदी बोलायची. मला 'मॅडम' म्हणायला लागली तेव्हा मी दटावलं, "मॅडम बँकेत असतात. मी ताई." एकादशीला माझ्याकडे साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी, वर दाण्याची आमटी खाऊन म्हणाली, "ताई, तुम्ही उपासाला एवढं खाता, तर सणाला काय करता हो?" अशी बाई!

मग ती साथ आली. मळे बंद, लिलाव बंद, बंदरात जहाज लागेना. बसऱ्याच्या व्यापाऱ्याने आधी पगार अर्धा केला, मग फोन उचलणं सोडलं. तिकडे सुआदच्या माहेरी आणखी वाईट. भाऊ महदी भाड्याची टॅक्सी चालवायचा. संचारबंदीत टॅक्सी दारात उभी आणि घरात खाणारी तोंडं तेवढीच. त्याने थोरल्या मुलीची शाळा थांबवून तिचं लग्न उरकलं, घरातलं एक ताट कमी व्हावं म्हणून. ज्या दिवशी ही बातमी आली, सुआदने फोन भिंतीवर फेकला. "ती अजून भावलीला झोपवते, ताई!" ती ओरडत होती. आमच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं आणि ही बाई पोटचं पोर गेल्यासारखी ओरडत होती.

करीमला आजार झाला, बरा झाला, पण नाक गेलं. चहा पारखणाऱ्याचं नाक! त्याने कुणाला सांगितलं नाही. लिलाव पुन्हा सुरू झाले, व्यापारीही पुन्हा फोन करू लागला, नमुने घरी येऊ लागले, तेव्हा तो सुआदला घोट घ्यायला लावायचा आणि तिने सांगितलेलं व्यापाऱ्याला कळवायचा. तिला बिचारीला काय कळणार! पहिला फटका बसला तो एका सकाळी. तिने नेहमीसारखा चहा केला, वाळल्या लिंबाचा, त्यांच्या पद्धतीचा. त्याने घोट घेतला, त्याला काहीच लागलं नाही. "काय घातलंस यात?" म्हणून उकळता पेला तिच्या गळ्यावर. मग ते रोजचंच झालं. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ना, त्यातलं. व्यापारी बोलला की हिला पट्ट्याने. डोकं भिंतीवर. एकदा दात पडला, तो तिने रुमालात गुंडाळून मला दाखवला. आणि हूं का चूं नाही तिचं. आवाज झाला तर इमारतीतले लोक परदेशी म्हणून काढून देतील, विमानं बंद, जायचं कुठे... तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मी त्या भिंतीतून ऐकलं. पडलेल्या भांड्याचा आवाज वेगळा येतो आणि पडलेल्या माणसाचा वेगळा.

मी काय करायचे, बेल वाजवायचे. दणका ऐकू आला की हातातलं टाकून समोरची बेल दाबायची आणि दार उघडेपर्यंत बोट काढायचं नाही. "करीमभाई, सुआदशी काम आहे." कधी कढीपत्ता, कधी सुई. तो दात ओठ खात बाजूला व्हायचा. आमचे हे म्हणायचे, "अगं, एक दिवस तुलाच मारेल." मी म्हटलं, मारू दे, माझ्याही हाताला वळ उठवता येतात. पोलिसांना कळवू म्हटलं, तर सुआदने माझे पाय धरले. "त्याला नेतील, मग मला कोण ठेवेल?" मी ठेवीन म्हटलं, पण तिला ते तेव्हा पटलं नाही.

आणि मग महदी गेला. एका सकाळी दार लोटून आली, फोन माझ्या हातात दिला आणि जमिनीवर बसली. आजारानेच गेला. त्याला घरी आणलं नाही, नजफच्या जुन्या कब्रस्तानात नेलं नाही, या रोगाच्या मुडद्यांसाठी वाळवंटात वेगळी जागा केली होती, तिथे नखशिखांत झाकलेल्या माणसांनी नेऊन पुरला. त्यांच्याकडे घरात माणूस गेलं की बायका तीन दिवस एकत्र बसतात, एक बाई गेलेल्याचं नाव घेऊन हाक घालते, बाकीच्या गाल आणि छाती बडवून घेतात. ते घडलं नाही तर मेलेला मेला असं वाटतच नाही, ती म्हणायची. बसऱ्यात बसायला बंदी. म्हणून त्या दुपारी ती आपल्या खोलीत एकटीच बसली आणि सुरू झाली. किंकाळी, आणि मग छातीवर मूठ. धप्प... धप्प. गालावर चापट. पुन्हा किंकाळी. इतके दिवस गप्प बसलेली बाई. सगळ्या भिंती हादरल्या.

इमारत धावली. सेक्रेटरी घोषबाबू, दरवान, वरच्या मजल्यावरचे तिघे, हातात काठ्या, तोंडाला मास्क. "बायकोला मारून टाकतोय!" रोग घेऊन आलेत म्हणून महिनाभर कुजबुजत होतेच, निमित्त सापडलं. मी जिन्यात आडवी झाले. "अहो, तिचा भाऊ गेलाय, ती रडतेय!" कोण ऐकतो! दार लाथांनी फोडलं. करीम आतल्या खोलीत खाली मान घालून बसला होता. त्या दिवशी, त्या एकाच दिवशी, त्याने तिला बोटही लावलेलं नव्हतं. त्याला केसाला धरून बाहेर ओढला आणि झोडपला. डोकं फुटलं, लादी लाल झाली. सुआद धावत मध्ये पडली, हात आडवा धरला, आणि काठी तिच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. लोंबता हात दुसऱ्या हातात धरून ती घोषबाबूंसमोर उभी राहिली, गाल सुजलेले, केस मोकळे, आणि म्हणाली, "जब ये मारता था, तब तुम लोग कहाँ थे?" घोषबाबूंनी काठी खाली ठेवली.

तिने वाचवलेल्या त्या माणसाने आठवडाभरात तिच्या प्लास्टरवरच मारलं. गावासमोर बायकोने वाचवलं, हे त्याला सोसेना. तेव्हा मात्र ती आमच्या दारात आली आणि म्हणाली, "ताई, आता आत घे." घेतली. तो आमच्या दारावर लाथा घालत होता, मी खलबत्त्यातला बत्ता घेऊन दार उघडलं आणि म्हटलं, "ये. एक पाऊल टाक." माझी सासू असती तर म्हणाली असती, सूनबाई, बत्ता असा नाही धरत, खालून धर. तो आला नाही. घोषबाबू वरून खाली आले आणि या वेळी न सांगता माझ्या बाजूला उभे राहिले, हेही लिहायला हवं.

विमानं सुरू झाली तेव्हा करीम एकटाच गेला. सुआदला बेहालात माशीमांच्या घरी मागची खोली मिळाली. व्हिसाच्या कचेरीत खेटे घालता घालता तिने धंदाही शोधला. साथीनंतर इथल्या कितीतरी मुली आखातात घरकामाला, नर्सिंगला निघाल्या. सुआद त्यांना अरबी शिकवू लागली. पाणी, भाकरी, औषध हे सगळं नंतर. पहिल्या दिवशी एकच वाक्य: हात लावू नका. ते मुलींनी घशातून ठणकावून म्हणायचं. पुटपुटलं तर परत. "अशी म्हण की शेजारच्या घरात ऐकू गेलं पाहिजे!" वाकडं जुळलेलं ते मनगट हवेत नाचवत ती ओरडायची, आणि ऐन दुपारी सात-आठ बंगाली मुली मिळून एकसुरात अरबीत ओरडायच्या. माशीमा म्हणायच्या, "पाड्याला, साऱ्या गल्लीला वाटतं माझ्या घरात मारामारी चाललीय."

...तर तो फोन. करीमने दूतावासात अर्ज केला, नवरा म्हणून. मी परकी, हिंदू, शेजारीण. माझं कोण ऐकणार? मी बसऱ्याला महदीच्या विधवेला फोन लावला. सुआदच्या एका विद्यार्थिनीने दुभाषाचं काम केलं. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या माणसाला आम्हाला हवं तिथे पुरू दिलं नाही. हिला तरी हवं तिथे पुरा." माहेरच्या वतीने तिनेच कळवलं, आणि दूतावासाने तिचं ऐकलं. करीमने मला शिव्या घातल्या. मी म्हटलं, "करीमभाई, ती जिवंत असताना तुमच्या शेजारी झोपून थकली हो. आता निजू द्या." इथल्या शिया कब्रस्तानात तिला मातीत ठेवलं. त्याआधी अंघोळ घालणाऱ्या बायकांनी मला आत घेतलं. गळ्यावरचा भाजल्याचा डाग, पाठीवरचे पट्ट्याचे वण, ते मनगट. एक म्हणाली, "पडली होती का?" मी म्हटलं, "नाही. मारलं होतं." आणि मग, मला शिकवलं नव्हतं कुणी, पण माझी मूठ माझ्याच छातीवर बसायला लागली. त्या बायकाही लागल्या.

परवा तिची खोली रिकामी करायला गेले. सुरुवातीला ती रोज झोपण्याआधी लोखंडी ट्रंक ओढून दाराला लावायची. लादीवर तिचे चरे आहेत. मला वाटलं, माशीमांना दार फोडावं लागलं असेल, भरून देऊ. म्हटलं, "दाराचं काय नुकसान झालं?" माशीमा म्हणाल्या, "छे गो! ट्रंक कित्येक महिने खाटेखालीच आहे. कडीसुद्धा लावत नव्हती आता. मी चहा घेऊन गेले, तर दार नुसतं लोटलेलं."