माझा स्लॅब, त्याचे कवेलू

जानेफळला आम्ही दोघा भावांनी एकाच वर्षी घरं बांधायला काढली, भिंतीला भिंत लागून. मी नोकरीवाला, म्हणून स्लॅब टाकला. धाकटा शेती करतो. त्यानं खामगावची एक कापसाची जुनी जिनिंग फॅक्टरी पाडली जात होती, तिथले छपरावरचे मातीचे कवेलू ट्रॅक्टरभर आणले, सागाच्या लाकडांसकट. मी हसलो. "अबे, लोक कवेलू काढून स्लॅब टाकून राह्यले, अन् तुहं उलटंच!"

"परवडते ना दादा. अन् घर गार राह्यते."

लेकाच्याचं खरं निघालं!

आई माझ्याकडे राहते. पण उन्हाळा लागला की जेवण झाल्याबरोबर सतरंजी काखेत मारायची आणि चालली धाकट्याकडे. अख्खी दुपार त्याच्या कवेलूखाली घोरायची. गल्लीतल्या बाया मुद्दाम विचारायच्या, "काऊन हो, मोठ्याच्या घरी पंखा नाही का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढं घर बांधलं मी, आणि आईची झोप त्याच्या वाट्याला!

मग मी हट्टालाच पेटलो. स्लॅबवर चुना मारला. कूलर आणला. "आई, आता गार वाटते ना?" "वाटते," म्हणायची, आणि सतरंजी उचलायची.

यंदा गवंडी म्हणाला, स्लॅबवर फुटक्या कवेलूचे तुकडे चुन्यात बसवा, ऊन खाली उतरत नाही, खर्चही फार नाही. आता फुटके कवेलू कुठे, तर धाकट्याच्या अंगणात. मागताना जीभ उचलेना. त्यानं मात्र स्वतः टोपल्या वर आणून दिल्या, हसत हसत. मला त्या हसण्याचाही राग आला.

पण घर गार झालं हो! आई त्या दुपारी माझ्याकडे निजली. मी सारखा आत डोकावत होतो. "आई, गार वाटते ना? त्याच्यापेक्षा जास्त ना?"

"हाव रे बाप्पा, हाव."

दुसऱ्या दिवशी जेवण झालं आणि आईनं सतरंजी काखेत मारली.

"आता काऊन व आई? आता तं गार आहे!"

"लई गार आहे," चपला घालत ती म्हणाली. "पण तिथं मले कोणी इचारत नाही, गार वाटते का म्हणून."

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून तिचं घोरणं ऐकू आलं. मी माझ्या गार घरात टक्क जागा होतो.