भाऊची चहात भिजवलेली सनद

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहाच टाकत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "बाई, तुहा भाऊ गेला वं..."  चहा उतू गेला, गॅस विझला, तरी मी फोन कानाला लावून उभीच. भाऊच्या घरी, मुर्रीला पोचले तरी डोळ्यांत पाणी नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रडू आलं ते नंतर, माझ्या सासरच्या गावी, ग्रामपंचायतीनं ठेवलेल्या शोकसभेत, आणि ते दुःखाचं नव्हतं. टेबलावर भाऊचा हार घातलेला फोटो, आणि त्याच्या वर भिंतीवर फ्रेममध्ये ती सनद. सरपंच तिच्याकडं हात करून म्हणाले, "मुनीमजीनंच आपल्याले हे वाचून देल्लं. जुन्या कागदाची किंमत त्याइले मालूम होती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तोंडात पदर कोंबला. बघणाऱ्यांना वाटलं, बहीण आहे, रडणारच. पण मला लाज वाटत होती हो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. कारण तो कागद जुना नाहीच. तो भाऊनं लिहिलाय, आणि माझ्या चुलीवर, माझ्याच गंजात चहाचं पाणी उकळून मी तो जुना केलाय.

आमचा भाऊ गोंदियात एका राइस मिलमध्ये मुनीम होता. पोटासाठी धानाच्या कट्ट्यांचा, म्हणजे पोत्यांचा हिशेब, आणि जिवासाठी मोडी. नागपूरला कुठल्याशा वर्गाला जाऊन तो मोडी शिकून आला आणि मग त्याला दुसरं काही सुचेनाच. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लोंबवत जायचं, बोरू शक्यतो उचलायचाच नाही. मिलचे शेठजी त्याच्या वहीत डोकावून म्हणायचे, "मुनीमजी, ये क्या कीड़े-मकोड़े बना रहे हो?" भाऊ हसून म्हणायचा, "शेठजी, आपके दादा के जमाने के कीड़े हैं." दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक घोटून शाई करायचा. वहिनीच्या किती वाट्या त्यानं काळ्या केल्या त्याचा हिशेब मात्र या मुनीमानं कधी ठेवला नाही.

कागद वाचून त्याचं भागेना. त्या काळातलं माणूस होऊन बघायची त्याला हौस. आमच्याकडं झाडीपट्टीची नाटकं गावोगाव होतात. त्यातले मखमली राजे, चकाकणारी जर बघून त्याचा तिळपापड व्हायचा. "कारकुनाच्या अंगावर मखमल? अन तेही झाडीत? बाप्पा!" स्वतः जाडंभरडं धोतर, बाराबंदी, हातानं बांधलेलं पागोटं, कानावर बोरू असा थाट करून तो एसटीत बसायचा. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काका, नाटक कोठी हाय जी?" भाऊ गंभीरपणे म्हणाला, "नाटक नाही. कचेरीत चाललो." सगळी बस हसली. मी शेजारी बसले होते, खिडकीबाहेर बघत, या माणसाची माझी ओळखच नाही असं दाखवत. अशी मी बहीण.

माझं सासर अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यात. गावाला भोसल्यांच्या काळातला म्हणतात तो तलाव आहे, त्यावर सगळं धान पिकतं. माझ्या सासऱ्यांनी भाऊला गळ घातली, तलाव बांधला गेला तो प्रसंग गावापुढं उभा करा. भाऊला काय, आंधळा मागतो एक डोळा. तलावाच्या पारेवर, म्हणजे बांधावर, माणसं उभी केली, टोपल्या-कुदळी, कोऱ्या खादीची वस्त्रं, आणि शेवटी नागपूरहून आलेला कारकून, म्हणजे अर्थात भाऊच, सनद वाचून दाखवणार. सनदेत एक नाव हवं होतं. कुणी तलाव बांधला ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तो म्हणाला, "बाई, एखादं जुनं नाव सांग." मी पोळी लाटता लाटता आमच्या सासऱ्यांच्या खापरपणजोबांचं नाव सांगितलं. "लिही ना. आमच्या घरचे खूश होतील." त्यानं लिहिलं. मग मी उकळलेल्या चहाच्या पाण्यात आम्ही कागद बुडवला, सावलीत वाळवला. मी म्हटलं, कडा थोड्या जाळू का? तर ओरडला, "जळके कागद सिनेमात असतात. खऱ्याले वाळवी खाते."

भाऊची एक शिस्त होती. हातानं लिहिलेल्या प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तो 'नक्कल' असं साध्या बाळबोध देवनागरीत लिहायचा आणि आपलं नाव घालायचा. कारण लोक कशालाही जुनं समजतात, म्हणायचा. त्या दिवशी तो कोपऱ्याकडं वळला तेव्हा मीच त्याचा हात धरला. "नको रे, शोभा जाते. आपल्या खेळातलाच तर कागद आहे." त्यानं माझ्याकडं पाहिलं, हसला आणि बोरू पुसून ठेवला.

प्रयोग असा रंगला की म्हातारे रडले. सासऱ्यांनी कागद फ्रेम करून पंचायतीत लावला. पुढं ते गेले, प्रयोग कुणाच्या लक्षात राहिला नाही, कागद राहिला. तलावाचं तुडूम उघडून धानाला पहिलं पाणी सोडतात, त्या दिवशी पहिला नारळ ढिवर मोहल्ल्यातलं, मासेमारांचं एक घर फोडायचं. कधीपासून, कुणास ठाऊक. एका वर्षी कुणीतरी म्हणालं, सनदेत नाव तर या घराचं आहे, मग मान यांचा. आणि नारळ आमच्या ह्यांच्या हातात आला. मी तिथंच उभी होते, नवं लुगडं नेसून. टाळ्या वाजवल्या मी.

भाऊला कळलं तसा तो धावत आला. आधी एकटाच पंचायतीत जाऊन सांगून बघितलं, की बाबांनो, हे मी लिहिलंय. ते हसले. म्हणाले, मुनीमजी मोठेपणा घेत नाही. मग माझ्याकडं आला. "बाई, तू चाल संग. तुह्या घराचं नाव हाय, तू सांगशील तर मानतील." मी म्हटलं, "भाऊ, तू गोंदियाले निघून जाशील. मले इथंच रायचं हाय." तो उठला. मग म्हणाला, "बरोबर हाय तुहं." चहा न पिताच गेला. त्यानंतर भाऊनं मोडीत एक ओळ लिहिली नाही. वहिनी विचारायची, काऊन लिहीत नाही जी? तो म्हणायचा, डोळे काम देत नाहीत. डोळे चांगले ठणठणीत होते त्याचे. मला ते ठाऊक होतं आणि मी राखीला जाऊन त्याला डोळ्यांत घालायच्या औषधाचं नाव सुचवून आले! एवढी निर्लज्ज असते बाई.

शोकसभेहून घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते ताटावरून उठले. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ढिवर मोहल्ल्यात गेले. ज्या घराचा मान होता तिथली कौसल्याबाई दारात जाळं सांधत होती. मी उभ्यानंच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. तिनं सगळं ऐकलं, जाळं खाली ठेवलं. "मंग इतके दिवस बोलली काऊन नाही?"  तीच पुढं बोलली, "त्या साली माहा सासरा नारळ घेऊन गेलता पारेवर. तसाच वापस आणला. घरात कोणाले फोडू नाही देल्ला. तो मरेपर्यंत देव्हाऱ्यात होता तो नारळ, वाळून खडखड वाजे." तिनं मला रागावायला हवं होतं. तिनं पाणी आणून दिलं.

तेराव्याला वहिनीनं भाऊचा बोरू माझ्या हातात ठेवला होता. टोकाला शाई वाळलेली, तशीच. मोडी मला येत नाही. भाऊ शिकवायला बसला की मला नेहमी काही ना काही काम आठवायचं. पण कोपऱ्यात लिहायला मोडी लागतच नाही. काल बोरू आणि शाई घेऊन पंचायतीत गेले, खुर्चीवर चढून फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले. इतक्या वर्षांनी कागद हातात आला... रंग अजून माझ्या चहाचाच. खालच्या कोपऱ्यात जागा रिकामी होती. अक्षर वेडंवाकडं आलं. 'नक्कल'. खाली भाऊचं नाव, आणि त्याच्या खाली माझं. शिपाई धावत आला, "अवं बाई, हे काय करून रायल्या?"

"माह्या भावाचं एक काम रायलं होतं जी," मी म्हटलं, "मीच करू नोतं देल्लं."