जन्म-मृत्यू नोंदणीची भिंत

टाइलवाल्या काकूंचं काम त्या भागातल्या निम्म्या घरांत लागलेलं होतं आणि ते बघताना बहुतेकांच्या डोळ्यांत साबण असायचा. ही तक्रार खुद्द काकूंची. मासे, बदकं, वेली, जे काही त्यांनी आयुष्यभर टाइलवर रंगवलं, ते सगळं बाथरूममध्ये गेलं आणि दाराला आतून कडी लागली.

लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांचा छोटा कारखाना होता. पांढऱ्या, चौकोनी, एकसारख्या टाइल्स निघायच्या. चांगली टाइल म्हणजे जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ती, असं सासरे म्हणायचे. नव्या सूनबाईंनी एकदा कोपरा उडालेल्या टाइलवर गंमत म्हणून मासा काढला, तो भाजला, आणि ती टाइल चुकून गिऱ्हाइकाच्या खोक्यात गेली. गिऱ्हाईक परत आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता भांडण. त्याला आणखी मासे हवे होते. अंघोळ म्हटलं की घर डोक्यावर घेणारं त्याचं पोर त्या माशापायी स्वतःहून मोरीत जाऊन बसायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी सूनबाईंच्या जागेवर नवा ब्रश आणून ठेवला.

त्यानंतर काकूंचा हात कधी थांबला नाही आणि तोंडही. साठी जवळ आली तशी त्यांची एकच इच्छा उरली आणि ती त्या येईल-जाईल त्याला ऐकवायच्या. "अंगावर कपडे असताना माणसांनी बघावी अशी एक भिंत मला या शहरात हवी." ऐकणारे हसायचे. सूनही हसायची, पण कारखान्याचा फोन, हिशेब आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या त्याच सुनेने एक दिवस पालिकेची जाहिरात शोधून काढली.

पालिकेचा एक नियम आहे. चांगला आहे, म्हणून फारसा कुणाला माहीत नाही. पालिकेची इमारत नवी बांधली किंवा जुनीची मोठी दुरुस्ती काढली, तर खर्चातला थोडा वाटा कलेसाठी बाजूला काढायचा. मग समिती बसते. या वेळी समितीवर होते अध्यक्ष म्हणून एक आर्किटेक्ट, चित्रकला शिकवणारे एक सर, पालिकेचे एक साहेब, आणि वस्तीतर्फे एक निवृत्त नर्स आणि एक न्हावी. समिती आलेल्या कल्पनांतून तिघांना निवडते, तिघांचे नमुने जागेवर लावले जातात, वस्तीतले लोक आपलं मत सांगतात आणि मग निकाल लागतो.

काम होतं वॉर्ड ऑफिसच्या तळमजल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत. लांबच लांब भिंत होती. चित्र 'मन प्रसन्न करणारं' हवं, असं जाहिरातीत लिहिलं होतं. काकूंनी मोठं झाड काढलं आणि फांद्याफांद्यांवर हसरी मुलं बसवली. दुसऱ्या एकाने तांब्याचे पक्षी टांगायचं ठरवलं होतं. तिसऱ्याने अशी वर्तुळं काढली होती की चित्रकलेच्या सरांनीसुद्धा मान आधी इकडे वाकवली, मग तिकडे. लोकांचा कौल झाडाला पडला. आर्किटेक्टचा फोन आला, "अजून जाहीर नाही, पण मनाची तयारी ठेवा." काकूंनी फोन खाली ठेवायच्या आत गल्लीला सांगून टाकलं.

निकालाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी काकू त्या खोलीत जाऊन बसल्या. कशाला, तर कौतुक ऐकायला. ते त्यांनी कधी लपवलं नाही. खोली त्यांनी पाहिली होती ती दुरुस्ती चालू असताना, रिकामी. नमुना कारागिराने लावला होता, कारण काकूंचा गुडघा शिडीला तयार नव्हता. आता खोलीत बाकं परत आली होती आणि नेमकी त्याच भिंतीला टेकवून पक्की केली होती. काकू बसल्या आणि स्वतःचं झाड शोधायला लागल्या. ते त्यांच्या डोक्यामागे होतं.

इकडे-तिकडे पाहिलं तर ओळीने सगळ्यांची पाठ झाडाला. पलीकडे एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन, आनंद आवरून बसलं होतं. अलीकडे एक धिप्पाड माणूस हातात कागद धरून बसला होता. त्याने मान मागे टाकली, डोळे मिटले आणि आवाज न करता रडायला लागला. त्याचं डोकं जिथे टेकलं होतं त्याच्या बरोबर वर काकूंचं सगळ्यात गोड पोर खिदळत होतं.

गर्दी ओसरल्यावर काकू खिडकीपाशी गेल्या. आत कारकून शिक्के आवरत होता.

"समोरचं चित्र कसं वाटतं हो तुम्हाला?"

"छान आहे की."

"खरं सांगा."

"तुम्ही समितीच्या का?"

"मी चित्राची आई."

कारकुनाने शिक्का खाली ठेवला. "मग राग मानू नका. या खोलीत हे झाड बघणारा मी एकटा. खाली माणूस रडत असतो आणि वर पोर दात काढत असतं. गेलेल्याचं नाव विचारायला मान वर केली की दोन्ही एकदम दिसतात. मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. कुणी मला विचारलं नाही, म्हणून मीही बोललो नाही."

काकूंना राग आला. निम्मी वाट त्या त्याच्यावर चिडून चालल्या. याला चित्रातलं काय कळतंय, खुर्चीत बसून शिक्के मारणाऱ्याला! उरलेल्या वाटेत राग स्वतःवर वळला, कारण तो बरोबर बोलला होता.

घरात पाऊल टाकताच त्यांनी सांगून टाकलं, "उद्या समितीला म्हणणार, झाड काढा."

सून हिशेब टाकून उभी राहिली. "आई, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागताय तुम्ही. लोकांनी कौल झाडाला दिलाय. चित्र बदललं की निवड रद्द. ते तांब्याचे पक्षी उडत येतील तिथे."

"येऊ देत."

"तुम्हालाच भिंत हवी होती ना?"

"हवी होती, अजूनही हवी आहे. पण माझ्या चित्राखाली बसून माणसाला रडायची चोरी, अशी भिंत मला नको."

बोलल्या खऱ्या, पण भीती वाटत होती. पुढची भिंत केव्हा निघणार, आणि तोवर हात असाच चालणार का? हे त्या कुणाला म्हणाल्या नाहीत. सुनेला तरीही कळलं, कारण काकू जेवताना एक शब्द बोलल्या नाहीत आणि असं त्या घरात पूर्वी घडलेलं नव्हतं.

बैठकीत काकूंनी आपलं म्हणणं मांडलं. आर्किटेक्टने ते नीट ऐकून घेतलं. "काकू, नियम मी केलेला नाही, पण पाळावा मलाच लागतो." पालिकेचे साहेब म्हणाले, "आता शेवटच्या घटकेला हे काय काढलंत?"

"नियम राहू द्या तिथेच," काकू म्हणाल्या. "तुम्ही सगळे फक्त खाली येऊन जरा बसा."

आता वयाने मोठी बाई म्हणतेय म्हटल्यावर उठले सगळे. खाली आले आणि पाचही जण बाकावर ओळीने बसले. काकू खिडकीशी कारकुनाच्या बाजूला उभ्या राहिल्या. "सांगा, चित्र कसं दिसतंय?"

पाचही माना एकदम मागे वळल्या. साहेबांची तर अशी काही लचकली की ते मानेला हात लावून बसले. न्हावी म्हणाला, "मी आरसा गिऱ्हाइकाच्या पाठीमागे लावला तर दुकानात कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही."

सगळ्यात आधी हसला तो आर्किटेक्ट, आणि हसला स्वतःवरच. बाकांची जागा त्यानेच आखली होती. नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या शेजारी एक बाई दाखल्यासाठी बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघून त्यांनी आवाज खाली केला. "मग काकू, लावायचं काय?"

काकूंकडे उत्तर तयार होतं. समोरच्या भिंतीवर, खिडकीच्या दोन्ही बाजूंना आणि वर, आपली वस्ती. कुठल्याही साध्या दिवसाची दुपार. कुणी हसत नाही, कुणी रडत नाही, जो तो आपल्या कामात. बसल्या जागेवरून दिसेल इतक्याच उंचीवर. "आणि मागे साध्या टाइल्स, एका रंगाच्या, उबदार. डोकी टेकायला. सासरे म्हणायचे ते काही अगदीच खोटं नव्हतं."

बराच खल झाला आणि ठरलं की भिंत बदलायची, पण तिघांनाही नव्या भिंतीसाठी नवा नमुना करायची संधी द्यायची आणि लोकांना परत विचारायचं. म्हणजे काकूंच्या तोंडचा घास गेला आणि शर्यत पुन्हा पहिल्यापासून. घरी सुनेने कपाळाला हात लावला. काकूंनी पदर खोचला. जाऊन बसायचं आणि मग काढायचं, हे आता त्यांना कळलं होतं. रोज त्या खोलीतल्या बाकावर बसून त्यांनी रेखाटनं केली. सून कुरकुरत गल्लोगल्ली फिरली आणि दुकानांचे फोटो घेऊन आली. या वेळी नमुन्याबद्दल कारकुनालाही विचारलं गेलं. काकू जिंकल्या. तांब्याचे पक्षीही सुंदर होते, असं त्या आजही म्हणतात. जिंकलेल्या माणसाला असं म्हणायला परवडतं.

भिंत पुरी झाली, भाषणं झाली, कोपऱ्यात नावाची पाटी लागली. त्यानंतर कामाच्या एका दिवशी काकू पुन्हा जाऊन बाकावर बसल्या. कशाला, ते सांगायला नको.

शेजारी हातात कागद घेतलेली एक म्हातारी बाई होती. तिच्या पलीकडे तान्हं बाळ घेऊन बसलेला तरुण. बाई बराच वेळ भिंत न्याहाळत होती. मग उठली, जवळ गेली आणि बोट टेकवून म्हणाली, "हे आमचं शिवणाचं दुकान."

"कोपऱ्यावरचं?" तरुण म्हणाला. "माझे शाळेचे शर्ट तिथलेच. काका मापं घेताना गुदगुल्या करायचे."

"करायचेच. आम्हालाही कळायचं नाही, एवढं मोठं झालेलं माणूस पोरांना गुदगुल्या कशाला करतं," बाई म्हणाली आणि हसली. हसता हसता डोळे पुसले. तरुण बाळ सावरत उठला, तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि भिंतीवर आपलं घर शोधायला लागला.

गप्प बसणं काकूंना तसंही जमत नसे. "ती भिंत माझी आहे," त्या म्हणाल्या.

बाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमची का? मग आमच्या दाराचा रंग चुकलाय. हिरवा नाही, निळा. आजारी पडायच्या आधी यांनी स्वतः दिला होता."

फोटोत दार निळंच होतं. शेजारची पाण्याची टाकी निळी, तिच्याजवळ पुन्हा निळं नको, म्हणून काकूंनी जाणूनबुजून हिरवं केलं होतं. चित्राच्या दृष्टीने ते योग्यच होतं. तसं सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"कसा निळा?" त्यांनी विचारलं. "गडद की फिका?"

बाईने इकडे-तिकडे पाहिलं आणि बाळाच्या दुपट्याची कड चिमटीत धरून दाखवली. "एवढा."

काकूंनी तो रंग डोळ्यांत साठवला आणि तडक कारखाना गाठला. भट्टी पूर्ण भरल्याशिवाय लावणं कुठल्याच धंद्यात बसत नाही. सून दारातच आडवी आली.

"एका टाइलसाठी भट्टी लावायची?"

"एका टाइलसाठी," काकू म्हणाल्या. "ती निळी बाटली दे इकडे."