खराब नेट पाहिजे

पुण्यातली खोली सोडून मी सावलीला, आमच्या गावी, घरूनच काम करू लागले, तेव्हा बाबांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं की पोरगी कपाटं दुरुस्त करते. तसं मीच त्यांना समजावलं होतं. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर आपली माहिती स्वतःजवळ ठेवत नाहीत. ती नेटवर्कवरून दूरच्या एका सामाईक साठ्यात, जणू एका मोठ्या कपाटात, जाते. त्या साठ्यातला कोणता कप्पा कोणत्या सर्व्हरचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. त्यातल्या चुका शोधणं हे माझं काम.

त्या हिवाळ्यात एक चूक आम्हाला छळत होती. परदेशातल्या एका ग्राहकाकडे मधूनच एकच कप्पा दोन सर्व्हरना दिला जायचा. दोघेही त्यात लिहायचे आणि एकमेकांचं पुसायचे. पुण्याच्या मंडळींनी प्रयोगशाळेतली वायरसुद्धा उपटून पाहिली, पण चूक त्यांना दर्शन देईना. माझ्याकडे मात्र ती एका सकाळी आपणहून आली. मी सेटिंग पाठवत असताना नेट गेलं, लगेच आलं, आणि स्क्रीनवर एका कप्प्याला दोन मालक!

बाहेर आई माकडांवर ओरडत होती. आमची इंटरनेटची वायर चिंचेच्या फांद्यांतून येते आणि माकडं तिला लोंबकळतात. मी पुन्हा करून पाहिलं, पण तोवर माकडं गेली होती. सगळं सुरळीत चाललं.

पुण्याला, आमच्या टीमच्या प्रमुख बाईंना फोन केला.

"माकडं परत कधी येतील?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"त्यांचं काही ठरलेलं नसतं."

"मग खायला टाक काहीतरी. ग्राहक रोज फोन करतोय गं."

मी आईकडे चणे मागितले. "ज्याइनं माहे कवेलू फोडले, त्याइले चणे चारू?" मागच्या पडवीच्या फुटक्या कौलांकडे बोट दाखवत तिने ते दिले. माकडं आली, भिंतीवर शिस्तीत बसून चणे खाल्ले आणि वायरीकडे ढुंकूनही न बघता निघून गेली.

आणि नेमका त्याच दुपारी लाइनमन नवी केबल घेऊन दारात उभा राहिला. या केबलसाठी बाबांनी किती चकरा मारल्या होत्या! ते स्वतः शिडी धरायला धावले. मी आडवी आले.

"भाऊ, आज नका जोडू. मले जुनीच पाहिजे."

"काऊन?" बाबा म्हणाले. "इतके दिवस नेट नाई, नेट नाई म्हणून बोंबलत होती. आता दारात आलं तं नको?"

"बाबा, मले सध्या खराब नेट पाहिजे."

लाइनमनने शिडी खाली ठेवली. "ताई, लोक चांगल्या नेटसाठी माह्या मागं लागतात. खराब मागणारं पयलं घर पाहून राह्यलो."

मग माझं काय अडलंय ते मी दोघांना सांगितलं. बाबांनी चिंचेतल्या वायरीकडे बोट दाखवलं. "म्हणजे वायर हलली पाह्यजे, एवढंच ना? मंग माकडच कायले पाह्यजे?"

ते बांबू घेऊन गच्चीवर चढले. मी खिडकीत लॅपटॉप घेऊन बसले. मोबाइलवर पुण्याची सगळी टीम. मी "आता!" म्हटलं की बाबा वायर हलवायचे.

"जोरात का हळू?" वरून आवाज यायचा.

"काकांना सांग, थोडं हळू," फोनमधून यायचं. "हां, आता एक झटका!"

रस्त्यावर लोक जमले. कोणी तरी लाइनमनला विचारलं, काय होऊन राह्यलं? तो हाताची घडी घालून म्हणाला, "अमेरिकेचं काम चालू आहे."

झटका नेमका बसला आणि चूक पकडली गेली. आमची मागणी साठ्यापर्यंत पोचत होती, पण "दिला" हे उत्तर परत येताना वायरीत हरवत होतं. वायर पूर्ण उपटली की सॉफ्टवेअरला कळायचं आणि ते थांबायचं. पण नेट क्षणात जाऊन आलं, की त्याला काही घडलंय याचाच पत्ता नसायचा. उत्तर नाही, म्हणजे कप्पा रिकामाच, असं समजून ते तो पुढच्याला देऊन टाकायचं. दुरुस्ती म्हणून फक्त एक प्रश्न घालावा लागला: देण्याआधी साठ्यालाच विचार, कप्पा खरंच रिकामा आहे का?

मी ओरडून सांगितलं तेव्हा बाबा घामाघूम झाले होते, आणि खाली यायला तयार नव्हते. "अजून एकडाव पाहून घे," म्हणाले. दुरुस्तीनंतरही त्यांनी वायर मनसोक्त हलवली. कप्प्याला एकच मालक राहिला. संध्याकाळी लाइनमनने नवी केबल जोडली. आईने त्याला चहा दिला, उरलेले चणेही दिले.

चूक कशी घडवून आणली, हे अहवालात लिहावंच लागतं. मी खरं तेच लिहिलं: गच्चीवरून एका माणसाने बांबूने वायर हलवावी. दोन दिवसांनी परदेशातल्या त्या ग्राहकाच्या तपासनिसाचा प्रश्न आला: बांबू कोणत्या प्रकारचा?

जेवताना मी तो वाचून दाखवला. मला हसू आवरेना. बाबांची नोकरी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, तिथे येणारा बांबू उतरवून घेण्यात गेलेली. त्यांचा घास हातातच थांबला.

"कटांग जातीचा लिही," ते म्हणाले. "मानवेल बांबू लवते."

मी तसं लिहून पाठवलं. उत्तर आलं: समजलं, धन्यवाद.