उंबराची पाठ

आमच्या सोसायटीतला उंबर रस्त्याकडून पाहिला तर धडधाकट दिसतो. भिंतीच्या बाजूने जाऊन पाहावं, तर साल पार सोलून निघालेली. दत्ताचं झाड म्हणून पुढून हळदकुंकू आणि औषधी म्हणून मागून चाकू, अशी आमची भक्ती! कुणाचं तोंड आलं की सालीचा काढा, कुणाला गालगुंड झालं की चीक. आजारी आम्ही पडायचं आणि जखमा झाडाला. मला या लोकांचा भयंकर राग येतो.

परवा माझंच तोंड आलं. साधं पाणीसुद्धा झोंबायला लागलं. दुपारची सामसूम बघून मी चाकू घेऊन झाडामागे गेलो, तर तिथे आमचे सेक्रेटरी नाना साल खरवडत उभे! ‘साल काढू नये’ ही पाटी त्यांनीच लावलेली.

“दर्शनाला आलो होतो,” नाना चाकू खिशात घालत म्हणाले.

“मीसुद्धा,” मी म्हणालो.

मग काय, चपला काढून दोघांनी प्रदक्षिणा सुरू केल्या. अकरा झाल्या, एकवीस झाल्या, पाय भाजले. पण आधी जो घरी जाईल त्याच्या मागे दुसरा साल काढणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.